पोटावरची चरबी गालात घातली, तर ती जगते कशी?

दोन्ही गालांत मिळून २० मिली चरबी घातली, तर सहा महिन्यांनी त्यातली किती उरेल? अनुभवी प्लास्टिक सर्जन 'साधारण निम्मी' म्हणेल, आणि लगेच पुढे सांगेल की सहा मिलीही उरेल किंवा चौदाही. 'सगळी टिकेल' अशी खात्री जिथे दिली जाते, तिथून उठून आलेलं बरं.

फिलर आणि चरबी यांत मूलभूत फरक आहे. फिलर म्हणजे कारखान्यात बनलेली जेली. ती घातली तेवढी जागा व्यापते, काही महिन्यांनी विरते, आणि हायल्युरॉनिक ॲसिडची असेल तर नको झाल्यावर इंजेक्शनने विरघळवताही येते. चरबी ही जिवंत पेशींची बनलेली असते. पोटातून काढताक्षणी तिचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी तो पुन्हा जुळेपर्यंत ज्या पेशी तग धरतात, त्यांचीच भर पुढे वर्षानुवर्षं राहते. कॅन्युला (चरबी काढायची आणि घालायची पोकळ नळी) किती जाड असावी, चरबी कशी गाळावी, एका वेळी किती सोडावी, पेशंटने तंबाखू का बंद करावी, या सगळ्याचं उत्तर एकाच गोष्टीत आहे: प्रत्येक पेशीपासून जवळचं रक्त किती अंतरावर आहे.

पहिले तीन दिवस

नव्या जागी चरबीला सुरुवातीला स्वतःची रक्तवाहिनी नसते. आजूबाजूच्या मांसल भागातून जो प्राणवायू झिरपत येतो त्यावर ती जगते, आणि हे झिरपणं फार लांबवर पोहोचत नाही. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांत याचा नीट माग काढला. रोपण केलेल्या चरबीच्या तुकड्यात त्यांना तीन पट्टे दिसले. सर्वांत बाहेरच्या, जेमतेम ०.१ ते ०.३ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यातल्या चरबीपेशी थेट जगतात. त्याच्या आतल्या पट्ट्यात चरबीपेशी एका दिवसात मरतात, पण त्यांच्यामध्ये विखुरलेल्या मूळपेशी (स्टेम सेल) जास्त चिवट असतात. त्या प्राणवायूशिवाय सुमारे तीन दिवस टिकतात आणि नंतर त्यांच्यापासून नव्या चरबीपेशी तयार होतात. अगदी मधल्या पट्ट्यात दोन्ही मरतात. तिथे तेल साचतं किंवा व्रण बनतो.

म्हणजे सहा महिन्यांनी गालात जी भर दिसते, त्यातला मोठा भाग पोटातून आणलेल्या मूळ चरबीपेशींचा नसून तिथेच नव्याने घडलेल्या पेशींचा असावा. हे कळलं की 'चरबी जिरली' या तक्रारीकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं.

आता थोडं गणित. १ मिली चरबी एकाच ठिकाणी सोडली तर सुमारे १२ मिलिमीटर व्यासाचा गोळा होतो. त्याचा मध्य जवळच्या रक्तापासून सहा मिलिमीटर दूर, आणि पृष्ठभाग जवळपास ५ चौरस सेंटिमीटर. तीच १ मिली चरबी २ मिलिमीटर जाडीच्या धाग्यासारखी सोडली तर ३२ सेंटिमीटर लांब जाते. मग मध्य रक्तापासून फक्त एक मिलिमीटरवर आणि पृष्ठभाग २० चौरस सेंटिमीटर. चरबी तेवढीच, पण आजूबाजूच्या ऊतींशी संपर्क चौपट. भाताच्या लावणीत मूठभर रोपं एकाच जागी खोवत नाहीत, दोन-चार रोपांचा चूड अंतर राखून लावतात, तसंच हे.

लहान तुकडे जास्त टिकतात हे नवं ज्ञान नव्हे. जर्मन शल्यविशारद गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ मध्ये दंडातली चरबी डोळ्याजवळच्या खोल व्रणात बसवली आणि तेव्हाच ही गोष्ट नोंदवली. तिची शिस्तबद्ध पद्धत मात्र न्यूयॉर्कचे सिडनी कोलमन यांनी १९९० च्या दशकात बसवली. आज जगभर जे केलं जातं, ते बहुतांशी त्यांच्याच पद्धतीचे फेरफार आहेत.

चरबी काढताना

पोट, कंबरेच्या बाजू, मांडीची आतली बाजू, गुडघ्याची आतली बाजू, या नेहमीच्या जागा. अमुक जागेची चरबी जास्त टिकते असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे जिथे पुरेशी आहे आणि जिथून काढल्यावर खड्डा दिसणार नाही, ती जागा निवडावी. हडकुळ्या माणसाच्या बाबतीत हीच अडचण होते: ज्याला गाल भरायचे आहेत त्याच्या पोटावर चरबी नाही.

आधी त्या जागी बधिरतेचं पातळ द्रावण सोडतात. कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये ही रीत मांडली. १ लिटर सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट, त्यात १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन आणि ५०० मिलिग्रॅमच्या आसपास लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध. ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तस्राव अगदी थोडा होतो, पण त्यासाठी द्रावण सोडल्यावर १५ ते २० मिनिटं थांबावं लागतं. घाई केली तर सिरिंजमध्ये पिवळ्या चरबीऐवजी लालभडक मिश्रण येतं. या पद्धतीत लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २,१०० मिलिग्रॅम. चेहऱ्यापुरती चरबी काढताना ती कधी गाठली जात नाही. नितंबांसाठी मोठ्या प्रमाणात चरबी काढताना मात्र हिशेब ठेवावाच लागतो, कारण चरबीत मुरलेलं लिग्नोकेन रक्तात सर्वांत जास्त चढतं ते ८ ते १४ तासांनी. तोवर पेशंट घरी पोहोचलेला असू शकतो. ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडाला धातूची चव, बोलणं जड होणं, ही सुरुवातीची लक्षणं घरच्यांना आधीच सांगून ठेवायला हवीत.

मग दोन-तीन मिलिमीटरच्या चिरेतून बोथट टोकाची, २ ते ३ मिलिमीटर जाडीची पोकळ कॅन्युला आत घालतात. १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या फक्त एक-दोन मिली मागे ओढून तसाच धरायचा आणि कॅन्युला पुढे-मागे फिरवायची. एवढं ओढण पुरतं. नेहमीचं लायपोसक्शन मशिन पूर्ण जोरात लावलं तर चरबी भराभर निघते, पण बऱ्याच पेशी फुटतात. नुसतं पोट कमी करायचं असेल तर त्याने बिघडत नाही. इथे त्याच पेशी पुन्हा लावायच्या आहेत.

सिरिंजमधले तीन थर

काढलेली चरबी तशीच घालत नाहीत. तिच्यात द्रावण, रक्त आणि फुटलेल्या पेशींचं तेल असतं. हे सगळं सूज वाढवतं, आणि पाणी जिरल्यावर 'चरबी गेली' असं वाटतं. कोलमन पद्धतीत सिरिंजच्या तोंडाला टोपण लावून, दट्ट्या काढून ती सेंट्रिफ्यूज या गरगर फिरणाऱ्या यंत्रात मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने तीन मिनिटं फिरवतात. बाहेर काढल्यावर तीन थर दिसतात: वर सोनेरी तेल, मध्ये फिकट पिवळी चरबी, तळाला गुलाबी पाणी. टोपण काढलं की तळचं पाणी आपोआप गळून जातं. वरचं तेल ओतून टाकायचं आणि उरलेलं कापसाच्या पट्टीने टिपून घ्यायचं. मधल्या थराचा खालचा भाग जास्त दाट असतो, त्यात मूळपेशीही जास्त असतात. म्हणून डोळ्यांखालच्या नाजूक जागेला तोच वापरतात. काही सर्जन सेंट्रिफ्यूजऐवजी सलाइनने धुऊन गाळतात किंवा सिरिंज उभी ठेवून निवळू देतात. नीट केल्या तर या पद्धतीही चालतात. सारखं सूत्र एवढंच की चरबी उघड्यावर ठेवू नये आणि तास-दोन तासांच्या आत वापरावी.

सिरिंजमध्ये जेवढं येतं त्याच्या साधारण निम्मीच वापरण्याजोगी चरबी हाती लागते. ३० मिली हवी असेल तर ६० ते ८० मिली काढण्याची तयारी हवी.

घालताना

सगळं कौशल्य इथे लागतं. चरबी १ मिलीच्या सिरिंजमध्ये भरतात, तिला सुमारे एक मिलिमीटर जाडीची बोथट कॅन्युला लावतात. ती आधी पुढे सरकवायची, आणि मागे घेताना चरबी सोडायची. एका फेरीत जास्तीत जास्त ०.१ मिली. पापणीजवळ तर ०.०२ ते ०.०३ मिली. म्हणजे एक सिरिंज रिकामी व्हायला किमान दहा फेऱ्या, डोळ्यांखाली तीस ते पन्नास. थर बदलत जायचं: हाडालगत, मग मधल्या चरबीत, मग त्वचेखाली. पूर्ण चेहऱ्याला दोन-तीन तास लागतात ते यासाठी. 'अर्ध्या तासात करून देतो' म्हणजे चरबीचे गोळे बसणार हे ओळखावं.

प्रमाणं साधारण अशी असतात: कानशिलाच्या खळग्यात प्रत्येक बाजूला ४ ते ८ मिली, गालात ५ ते १०, डोळ्यांखाली १ ते २, नाकापासून ओठांकडे येणाऱ्या घडीत २ ते ४. स्तनासाठी प्रत्येकी १५० ते ३०० मिली. निम्मी जाणार आहे तर दुप्पट घालू, हा हिशेब चुकतो. जागा ताणली की आतला दाब वाढतो, केशवाहिन्या दबतात आणि जी जगली असती तीही मरते. थोडी घालून तीन ते सहा महिन्यांनी दुसरी बैठक करणं केव्हाही चांगलं.

'नॅनोफॅट' हे नाव हल्ली जाहिरातीत सर्रास दिसतं. बेल्जियमचे पॅट्रिक तोनार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ते रूढ केलं. दोन सिरिंज जोडून चरबी तीसेक वेळा इकडून तिकडे ढकलायची, बारीक कापडातून गाळायची. जे उरतं त्यात चरबीपेशी जवळजवळ सगळ्या फुटलेल्या असतात, मूळपेशी शिल्लक असतात. अगदी बारीक सुईतूनही ते जातं. त्याने भर येत नाही. त्वचेचा पोत किंवा डोळ्यांखालचा काळेपणा यांसाठी ते वापरतात. त्यालाच 'स्टेम सेल थेरपी' म्हणून गुडघेदुखीपासून टक्कलापर्यंत विकलं जातं तेव्हा सावध राहावं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचा उपचार हा संशोधनाचाच भाग मानला जातो. उरलेली चरबी फ्रीजरमध्ये ठेवून पुढच्या वेळी वापरू, हाही प्रस्ताव नाकारावा. गोठवलेल्या पेशी फुटतात आणि जंतुसंसर्गाची जोखीम वाढते.

काय बिघडतं आणि का

सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे गाठी. गोळ्याने घातलेली चरबी मध्ये मरते आणि तेलाची पिशवी तयार होते. पुढे तिच्याभोवती कॅल्शियम साचतं. डोळ्यांखाली त्वचा इतकी पातळ असते की मुगाएवढी गाठही दिसते, आणि ती काढणं घालण्यापेक्षा कितीतरी कठीण. घातलेली चरबी फिलरप्रमाणे इंजेक्शनने सहज विरघळवता येत नाही, हे लक्षात ठेवावं.

संसर्गाचा एक प्रकार आपल्याकडे विशेष सांगायला हवा. कॅन्युला आतून पोकळ असते. ती नुसती रसायनात बुडवली किंवा नळाच्या पाण्याने खळबळली, तर क्षयाच्या जंतूंच्या कुळातले, पाण्यात राहणारे जंतू तिच्यात टिकतात. जखम आधी छान भरते. मग तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, चिरेजवळ लालसर न दुखणारी गाठ येते, फुटते, वाहते. नेहमीच्या अँटिबायोटिकने तात्पुरतं बरं वाटतं आणि पुन्हा तेच. अशा वेळी गोळ्या बदलत बसण्यापेक्षा पू या विशिष्ट जंतूंच्या तपासणीला पाठवायला सांगावं, कारण उपचार निराळा आहे आणि काही महिने चालतो. टाळायचं तर कॅन्युला ब्रशने आतून साफ करून ऑटोक्लेव्ह करणं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं, हाच मार्ग.

चेहऱ्यावरचा सर्वांत भयंकर धोका म्हणजे अंधत्व. तो विरळ आहे, पण भरून येत नाही. भुवयांमधला भाग, नाक आणि कपाळ इथल्या धमन्या डोळ्याच्या मुख्य धमनीला जोडलेल्या असतात. टोकदार सुई धमनीत गेली आणि जोराने चरबी सोडली, तर ती प्रवाहाच्या उलट दिशेने मागे ढकलली जाते आणि दाब सुटताच दृष्टिपटलाच्या धमनीत किंवा मेंदूत जाऊन अडकते. म्हणून बोथट कॅन्युला, लहान सिरिंज, हलका दाब आणि सतत हलता हात. भुवयांमध्ये टोकदार सुईने चरबी घालणाऱ्याच्या हाती चेहरा देऊ नये.

नितंब मोठे करण्याच्या शस्त्रक्रियेत, जिला ब्राझिलियन बट लिफ्ट म्हणतात, धोका शिरांचा. नितंबाच्या स्नायूखाली रुंद, पण पातळ भिंतीच्या शिरा थेट ओटीपोटातल्या मोठ्या शिरांना मिळतात. स्नायूत किंवा त्याखाली दाबाने सोडलेली चरबी फाटलेल्या शिरेतून हृदयात आणि तिथून फुप्फुसात जाते. मृत्यू टेबलावरच किंवा काही तासांत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत मृत्यूचं प्रमाण साधारण ३,००० शस्त्रक्रियांमागे एक असं निघालं. सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी हे अतिशय जास्त आहे. शवविच्छेदनांत मृतांच्या स्नायूंत चरबी सापडली, आणि म्हणून २०१८ पासून जागतिक संघटनांचा नियम स्पष्ट आहे: चरबी फक्त त्वचेखाली, स्नायूत कधीही नाही. फ्लोरिडा राज्याने २०२२ मध्ये एका सर्जनला दिवसाला तीनच अशा शस्त्रक्रियांची मर्यादा घातली आणि कॅन्युला सोनोग्राफीत पाहत चालवणं बंधनकारक केलं. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याने 'तुम्ही कोणत्या थरात घालता, आणि सोनोग्राफी लावता का?' हे दोन प्रश्न विचारावेतच. उत्तर गुळमुळीत आलं तर परत फिरावं.

आधीची आणि नंतरची काळजी

तंबाखू किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद. 'सिगारेट ओढता का?' या प्रश्नाला अनेक जणी 'नाही' म्हणतात आणि ते खरंही असतं, पण रोज सकाळी मिश्री लावतात. मिश्रीतही निकोटिन असतं, तेही तितकंच रक्तवाहिन्या आकसवतं. गुटखा, तपकीर, निकोटिनचं च्युइंगगम यांनाही हेच लागू. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या आणि 'ई' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल रक्तस्राव वाढवतात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नये, आधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारावं. वजन कमी करण्याची साप्ताहिक इंजेक्शनं घेत असाल तर भूलतज्ज्ञाला सांगाच. त्यांनी जठर उशिरा रिकामं होतं आणि भुलेत उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. वजन स्थिर झाल्यावरच ही शस्त्रक्रिया करावी. पोटातून आलेली चरबी गालात गेल्यावरही आपला स्वभाव सोडत नाही: दहा किलो वाढलं तर गाल फुगतात, उतरलं तर पुन्हा बसतात.

नंतर चेहरा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त सुजतो, काळंनिळं दहा ते चौदा दिवस राहतं. लग्नकार्य तोंडावर असेल तर किमान दोन महिन्यांचं अंतर ठेवा. चरबी काढलेल्या जागी चार ते सहा आठवडे घट्ट पट्टा. घातलेल्या जागी मात्र दाब नको, मसाज नको, पालथं झोपणं नको. तिसऱ्या आठवड्यात सूज उतरते आणि 'सगळं गेलं' असं वाटून मन खट्टू होतं. हे अपेक्षितच आहे. खरा आकार तीन महिन्यांनी कळतो, म्हणून दुसऱ्या बैठकीचा निर्णय त्याआधी घेऊ नये. नजर अंधुक होणं, अचानक धाप, छातीत दुखणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं यांपैकी काहीही झालं तर फोनवर विचारत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, वैद्यक परिषदेची नोंदणी चालू आहे का, आणि भूल द्यायला स्वतंत्र भूलतज्ज्ञ असेल का, हे आधी पाहावं. खर्चाच्या बाबतीत, निव्वळ सौंदर्यासाठी असेल तर आरोग्य विमा मिळत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल तर पॉलिसी नीट वाचून दावा करावा. भाजल्याचे ताठ व्रण आणि रेडिएशननंतर कडक झालेली त्वचा चरबीने खरोखर मऊ होते. या पद्धतीचा हा उपयोग गालांच्या गोलाईपेक्षा कितीतरी मोलाचा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते.

स्तनात चरबी घालणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. मेलेल्या चरबीभोवतीचं कॅल्शियम मॅमोग्राफीत दिसतं आणि शंका निर्माण करतं. याच काळजीपोटी अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ मध्ये स्तनात चरबी घालायला मनाई केली होती. २००९ मध्ये ती भूमिका बदलली, कारण प्रशिक्षित रेडिओलॉजिस्टला बहुतेक वेळा हे डाग कर्करोगाच्या डागांपासून वेगळे ओळखता येतात. त्यासाठी त्याच्याकडे तुलनेला जुनं चित्र हवं. म्हणून चाळिशीपुढच्या आणि घरात स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्या बाईने शस्त्रक्रियेआधी एक मॅमोग्राफी करून ठेवावी, साधारण वर्षाने दुसरी. डिस्चार्ज कार्डावर तारीख, कोणत्या बाजूला किती मिली आणि कोणत्या थरात, हे लिहून घ्यावं आणि तो कागद पुढच्या प्रत्येक तपासणीला रेडिओलॉजिस्टसमोर ठेवावा.